खोत गेल्यावर



या स्मृती-व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी मजकडे व्याख्यानाचा विषय मागितला तेव्हा एका चिठोऱ्यावर 'धूम्रपान सोडल्यानंतरचे मन' एवढे शब्द लिहून मी त्यांच्या हाती दिले. ते त्यांनी दोनदा वाचले आणि, माणूस मोठा विनयशील असल्यामुळे, अगदी हळू आवाजात विचारले की 'धूम्रपानाचे दुष्परिणाम' असे शीर्षक केल्यास वकीलसाहेबांची काही हरकत आहे काय. हरकत होती, व ती मी तेथल्या तेथे नोंदविली. दुष्परिणाम पाकिटावर चित्रासह छापलेले असतात, आणि ते पाकीट उघडणारा मनुष्य निरक्षर असतो किंवा आंधळा असतो असा माझा अनुभव नाही. तो सर्व जाणतो. पुष्कळदा तो सोडतोही. सोडण्याच्या दिवशी घरात शिरा होतो, मुले टाळ्या वाजवितात, शेजारी पाठ थोपटतात. आणि तिसऱ्या दिवशी सायंकाळी हाच सत्पुरुष चहात साखर कमी पडली म्हणून बशी आपटतो, सातव्या दिवशी कारण नसताना खिडकीशी उभा राहून डोळे पुसतो, तेव्हा मात्र त्याची विचारपूस करावयास कोणी येत नाही. त्या तिसऱ्या आणि सातव्या दिवसाविषयी मला बोलावयाचे आहे.

माझा अधिकार एवढाच की मी सव्वीस वर्षे सिगारेट ओढली, आणि सोडून त्याहून अधिक वर्षे लोटली. वैद्यकशास्त्र मी शिकलेलो नाही. या गावच्या न्यायालयात जमिनीचे दावे चालविण्यात माझी हयात गेली. परंतु ज्यांच्या नावाने आपण जमलो आहोत त्या डॉक्टरसाहेबांनी माझी सिगारेट सोडविली, किंवा अधिक अचूक बोलावयाचे तर, सुटल्यानंतर मला सोडले नाही. आणि त्या काही महिन्यांत त्यांनी मला जे समजावून दिले ते आज त्यांच्या पश्चात त्यांच्याच व्यासपीठावरून परत करावे, एवढीच माझी इच्छा आहे.

तंबाखू आपली नव्हे हे सर्वांस ठाऊक आहे. पोर्तुगीजांच्या गलबतांतून ती या किनाऱ्यावर उतरली. अकबर बादशहाचा वकील असद बेग हा १६०४ च्या सुमारास विजापूरच्या दरबारी आला असता तेथे त्याला तंबाखू आढळली, आणि रत्नजडित नळीसह ती त्याने बादशहास नजर केली. आपल्या जिल्ह्यातील दाभोळ हे त्याच आदिलशाहीचे नामांकित बंदर. तेव्हा आग्र्याच्या दरबारात निघालेल्या त्या पहिल्या धुराशी कोकणचा काहीच संबंध नसेल असे छातीठोकपणे म्हणता येणार नाही. बादशहाने दोनचार झुरके घेतले, हकिमांनी हरकत घेतली, बराच वादविवाद झाला, आणि प्रजेने वादाच्या निकालाची वाट न पाहता ओढावयास प्रारंभ केला. पुढे १६१७ साली जहांगीराने मनाईचे फर्मान काढले. तुकोबांच्या गाथेतही तंबाखू ओढणाऱ्यांची खरडपट्टी काढणारा अभंग आहे. बादशहा आणि संत या दोघांनी मिळूनही जी सुटली नाही ती गोष्ट केवळ निर्धाराने सुटावी अशी अपेक्षा एखाद्या तालुका कचेरीतील कारकुनाकडून आपण करतो, आणि त्याची सुटली नाही म्हणजे त्याला दुर्बळ म्हणतो. ज्या लोकमान्यांचा जन्म याच गावी झाला, त्यांच्या निश्चयाविषयी शंका घेण्याची कोणाची छाती नाही. त्यांनाही सुपारीची सवय होती. मनाच्या तळघरात दिवा घेऊन उतरलेला व्हिएन्नाचा डॉक्टर फ्रॉइड याने १८९४ साली हृदयाच्या तक्रारीमुळे मित्राच्या सांगण्यावरून चिरूट सोडून पाहिला, त्या काळात त्याची जी दैना झाली ती त्याच्या पत्रांतून नमूद आहे, आणि १९२३ साली जबड्याचा कर्करोग उघडकीस येऊन शस्त्रक्रियांवर शस्त्रक्रिया झाल्या तरी १९३९ साली मरेपर्यंत त्याचा चिरूट काही कायमचा सुटला नाही. जगाच्या मनाचा उलगडा करणाऱ्याची ही गत, तर आपण आपल्याविषयी फार कठोर होऊ नये.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो, आणि त्यासाठी तुम्हांला आपल्याच जिल्ह्याच्या जुन्या दप्तरात न्यावे लागेल.

खोत म्हणजे काय हे येथील पांढऱ्या केसांच्या मंडळींना सांगावयास नको, तरुणांसाठी सांगतो. कोकणात सरकार आणि रयत यांच्या दरम्यान खोत नावाची एक असामी असे. सारा रयतेने परभारे भरावयाचा नाही. तो खोताने वसूल करावयाचा, सरकारात भरणा करावयाचा, आणि मधल्या मध्ये आपला हिस्सा ठेवून घ्यावयाचा. अर्धेलीने पिकाचा निम्मा वाटा घेऊन वर वेठबिगारही करून घेणारे खोत होते, तसेच दुष्काळात कुळांना आपल्या कोठारातून भात काढून देणारेही होते. परंतु चांगला असो वा वाईट, रयतेला सरकारचे तोंड दिसत नसे आणि सरकारला रयतेचे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर, ज्यांचे मूळ गाव आंबडवे हे आपल्या मंडणगडाकडले, त्यांनी १९३७ साली खोती नष्ट करण्याचे विधेयक मुंबईच्या विधिमंडळात मांडले, आणि अखेर १९४९ च्या कायद्याने खोती गेली. माझ्या उमेदवारीच्या काळातही तिची राहिलेली लचांडे न्यायालयात येतच होती. त्या वेळी म्हातारी कुळे मला सांगत की खोत गेल्यावर पहिली काही वर्षे फार चमत्कारिक गेली. गुलामी गेली याचा आनंद होताच; परंतु तलाठ्यापुढे स्वतः उभे राहावयाचे, उतारा मागावयाचा, आपले म्हणणे आपल्या तोंडाने मांडावयाचे, याची सवयच नव्हती. एकाने तर मजजवळ कबूल केले की जुन्या वाटेने पाय आपोआप खोताच्या ओटीकडे वळत, आणि अर्ध्या वाटेवर आठवे की तेथे आता आपले काही काम नाही.

सिगारेट ही माझ्या मनाची खोती होती. राग आला की तो परभारे माझ्यापर्यंत पोचत नसे. आधी काडी ओढली जाई, रागाचा निम्मा वाटा धुरात वसूल होई आणि उरलेला, निवलेला, ओळखू न येणारा राग माझ्या वाट्यास येई. दुःखाचे तेच, भीतीचे तेच, कंटाळ्याचे तेच. इतकेच काय, दावा जिंकल्याचा आनंददेखील न्यायालयाच्या पिंपळाखाली आधी सिगारेटला कळे आणि मग मला. असे सव्वीस वर्षे चालले. अठराव्या वर्षी ज्याने हा मध्यस्थ नेमला तो मनुष्य चव्वेचाळिसाव्या वर्षी, १९८९ च्या ज्येष्ठात, एकाएकी त्याला बडतर्फ करतो, आणि आपल्या स्वतःच्या भावनांसमोर प्रथमच समक्ष उभा राहतो. वय चव्वेचाळीस, आणि अनुभव अठरा वर्षांच्या मुलाचा! अशा माणसाने बशी आपटली तर नवल ते काय?

या खोताची एक लबाडी मात्र आधी उघड केली पाहिजे, कारण तिच्यामुळेच पुष्कळ लोक फसतात. प्रत्येक ओढणारा शपथेवर सांगतो की सिगारेटने मन शांत होते. ते खोटे नाही. पण ती साक्ष अपुरी आहे. धूर आत गेला की अवघ्या दहावीस सेकंदांत निकोटीन मेंदूत पोचते आणि तेथील सुखाच्या नाड्या छेडते. रक्तातले हे निकोटीन दोनएक तासांत निम्म्यावर येते, आणि मग मेंदूतील ज्या ग्राहकांना वर्षानुवर्षे त्याचा रतीब लागलेला असतो ते तगादा सुरू करतात. तो तगादा म्हणजेच अस्वस्थता, चिडचिड, लक्ष न लागणे. पुढची सिगारेट तो तगादा मिटविते आणि आपण म्हणतो, वा, काय शांत वाटले! स्वतःच थकबाकी निर्माण करावयाची आणि स्वतःच पावती देऊन उपकार दाखवावयाचा, हा धंदा आमच्या जिल्ह्यातील अट्टल खोतांनाही इतक्या सफाईने साधला नसता. २०१४ साली ब्रिटनमधील संशोधकांनी सव्वीस अभ्यासांचा एकत्र ताळा करून असे दाखविले की ज्यांनी धूम्रपान सोडले त्यांची चिंता, औदासीन्य आणि ताण, ओढत राहिलेल्यांच्या मानाने, पुढे कमी झाले. पुढे, हा शब्द महत्त्वाचा आहे. पहिल्या आठवड्यात हे वाक्य कोणास ऐकविले तर तो तुमच्या अंगावर धावून येईल, आणि माझी सहानुभूती त्याच्याकडे राहील.

कारण पहिल्या आठवड्यात शरीर आपली बाकी वसूल करीत असते. अखेरची सिगारेट विझल्यावर काही तासांतच प्रारंभ होतो, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जोर चढतो, आणि दोन ते चार आठवड्यांत बहुतेकांचे ओसरते. झोप मोडते, भूक वाढते, पोट साफ होत नाही, आणि वाचलेली ओळ पुन्हा वाचावी लागते. माझ्या बाबतीत अशिलाची कैफियत वाचताना एकाच परिच्छेदावर मी पाऊण तास घालविला. ऑफिसातील माझे कारकून, पंधरा वर्षे इमानेइतबारे काम केलेले गृहस्थ, त्यांनी वकालतनाम्यावर तिकीट तिरपे चिकटविले म्हणून मी त्यांना असे काही बोललो की ते टोपी घालून निमूटपणे घरी गेले. घरी ही हकीकत कळली तेव्हा सौभाग्यवती म्हणाली, "अहो, एक वेळ ओढा, पण असं बोलू नका." पतिव्रतेच्या तोंडून निघालेले हे वाक्य मोहाचे होते. मी डॉक्टरसाहेबांकडे गेलो, अर्थात परवानगी मिळविण्यासाठी.

त्यांनी परवानगी दिली नाही आणि उपदेशही केला नाही. विचारले, "चहा किती होतो, वकीलसाहेब?" मी म्हटले, दहाबारा कप, सिगारेट नाही, तेव्हा तेवढा तरी आधार. ते हसले. सिगारेटच्या धुरामुळे यकृतातील एक विकर चेकाळलेले असते आणि ते चहाकॉफीतील उत्तेजक द्रव्याचा झपाट्याने निकाल लावते. धूर थांबला की तो वेग मंदावतो, आणि तोच चहा, तितकाच चहा, रक्तात अधिक काळ रेंगाळून छातीत धडधड आणि हाताला कंप आणतो. माणसाला वाटते, सिगारेट नाही म्हणून जीव घाबरा होतो आहे. "अर्धा कप घ्या," ते म्हणाले, "दुपारनंतर तेवढाही नको, आणि उद्या सकाळी कारकुनांच्या घरी जाऊन या." दोन्ही गोष्टी मी केल्या. दुसरी अधिक कठीण गेली. पण लक्षात घ्या, सव्वीस वर्षांत मी कोणाची क्षमा मागितल्याचे मला आठवत नव्हते. त्या प्रसंगी मी सिगारेट पेटवीत असे आणि समोरचा मनुष्य ते पुरेसे मानून घेत असे.

ही झाली शरीराची बाकी. तिला मुदत आहे. परंतु दुसरी एक बाकी असते, जिची नोंद कोणत्याही वैद्यकीय तक्त्यात सापडणार नाही, आणि जिच्यासाठी मी आज येथे उभा आहे.

माझे वडील १९७१ साली गेले. त्या तेरा दिवसांत मी रडलो नाही. थोरला मुलगा, वकील, आल्यागेल्याचे पाहावयाचे, भटजींची व्यवस्था, बहिणींना सावरावयाचे. लोक म्हणाले, केवढा धीराचा. धीर कसला? दर तासाने मी विहिरीमागे जाऊन एक सिगारेट ओढून येत होतो, आणि घशाशी आलेले जे काही होते ते धुराबरोबर पुन्हा खाली जात होते. अठरा वर्षे ते तसेच राहिले. सिगारेट सोडून पाच आठवडे झाले होते, शरीराचे तगादे थांबले होते, आणि मी स्वतःस विजयी समजू लागलो होतो, अशा एका सकाळी पडवीला झाप बांधावयास गडी आला. पावसाची झड आत येऊ नये म्हणून दरवर्षी आपण बांधतो तेच माडाचे झाप. पाऊस त्या वर्षी आधीच सुरू झालेला, त्यामुळे गडी घाईत होता. त्याने सुंभाची गाठ मारली, दातांनी ओढली, आणि उरलेले टोक गाठीखाली परत खोवले. माझे वडील अगदी तस्सेच खोवीत. माझा हात सदऱ्याच्या खिशाकडे गेला; खिसा रिकामा होता; आणि मी, चव्वेचाळीस वर्षांचा मनुष्य, पडवीतील बाकावर बसून गड्यादेखत ओक्साबोक्शी रडलो. गडी बिचारा घाबरून गेला. त्याला वाटले, झाप चुकीचे लागले.

मला वाटले, माझे डोके फिरले. येथे १८८६ पासून मनोरुग्णालय असल्यामुळे आपल्या गावात ही शंका माणसाला जरा लवकर येते. डॉक्टरसाहेबांपुढे मी सर्व हकीकत सांगितली आणि विचारले, पाच आठवड्यांनंतर ही तलफ कशी? त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "ही तलफ नव्हे. हे रडणं आहे, एकाहत्तर सालचं. तुम्ही मुदत मागत गेलात, आता मुदत संपली." आणि मग, थोड्या वेळाने: "भरून टाका. हप्त्यांनी भरलंत तरी चालेल."

श्रोतेहो, सिगारेट सोडणाऱ्या मनुष्यास तीनचार महिन्यांत जे अचानक दाटून येते, ज्याचे कारण त्याला सांगता येत नाही आणि घरच्यांना समजत नाही, त्यातील बराच भाग या जातीचा असतो असे माझे मत आहे. ते नवे दुःख नव्हे. तहकूब केलेले दुःख आहे. त्याला घाबरून पुन्हा सिगारेट पेटविणे म्हणजे निकालाच्या आदल्या दिवशी पुन्हा तारीख घेणे होय. माझ्या व्यवसायात तारीख घेणे ही कला मानली जाते, म्हणून हा दृष्टान्त मी थोड्या संकोचाने देतो.

आणि एक सुतक याहूनही विचित्र असते: खुद्द सिगारेटचे. सव्वीस वर्षे जी उशाशी होती, परीक्षेच्या रात्री, मुलाच्या जन्माच्या वेळी इस्पितळाच्या जिन्यात, पहिला दावा हरलो त्या सायंकाळी जी एकटी बरोबर होती, ती गेली. ती वैरीण होती हे मान्य. पण सोबतही तिचीच होती. तिच्यासाठी वाईट वाटते असे म्हटले तर लोक हसतात, म्हणून मनुष्य ते गिळतो, आणि गिळलेले पुन्हा धूर मागते. मी म्हणतो, वाईट वाटू द्यावे. शत्रूचेही और्ध्वदेहिक करण्याची आपली रीत आहे. रावणाचे झालेच ना?

मग प्रत्यक्ष त्या क्षणी करावे काय, असे तुम्ही विचाराल. ॲलन मार्लॅट नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने तलफेला लाटेची उपमा दिली आहे: तिच्याशी झुंजू नये, तिच्यापासून पळू नये, ती चढते कशी, फुटते कुठे आणि ओसरते कशी हे पाहत तिच्यावर तरंगावे. त्याच्या देशात लोक फळ्यांवर उभे राहून लाटांवर स्वार होतात, म्हणून त्याला ही उपमा सुचली असावी. आपल्याला फळीची जरुरी नाही. मांडवीच्या धक्क्यावर जो कोणी पावसाळ्यात उभा राहिला आहे त्याला ठाऊक आहे की कितीही मोठी लाट दगडावर येऊन आदळली तरी तिला तेथे मुक्काम करता येत नाही. तलफेचा भर काही मिनिटांचा असतो. तेवढी मिनिटे मी घड्याळ समोर ठेवून मोजली आहेत. पण मला आपल्या दालदी आणि खारवी मच्छीमारांचे भरतीओहोटीचे हिशेब अधिक उपयोगी पडले. त्यांच्या बोलीत अमावास्या-पौर्णिमेचे उधाण वेगळे, अष्टमीच्या सुमाराचा भांग वेगळा. उधाणाच्या दिवशी पाणी अधिक चढणार हे धरूनच ते होडी बांधतात. समुद्र आपल्यावर रागावला असे मानीत नाहीत. माझी उधाणे मी वहीत टिपून काढली: जेवणानंतरची, न्यायालय सुटल्यावरची, एस. टी. स्टँडवरची, आणि कोणी मेल्याच्या तारेची. त्या त्या वेळी दोरखंड आधीच घट्ट केला. कधी भाट्याच्या पुलापर्यंत चालत गेलो, कधी आवळकाठी चघळली. आणि कधी नुसते मनाशी म्हटले की आता मला राग आला आहे. रागाला राग म्हणणे, हे वाटते तितके सोपे नाही. ज्याच्या दप्तरी सर्व रकमा 'किरकोळ' या एकाच सदरात पडत आल्या त्याला नवी खतावणी घालावी लागते.

एकदा मी चुकलो. सात महिन्यांनी एक जुना दावा जिंकलो आणि पिंपळाखाली मित्राने पाकीट पुढे केले. लोक दुःखात पडतात; मी आनंदात पडलो, कारण आनंदासाठी दोरखंड बांधलाच नव्हता. एक ओढली. डॉक्टरसाहेबांना सांगितले तेव्हा ते म्हणाले, "एक ओढलीत. एक. तेवढी खर्ची टाका. नवं खातं उघडू नका." पश्चात्तापाचा मोठा सोहळा करणारे लोक दुसऱ्या दिवशी अख्खे पाकीट घेतात, हे त्यांनी फार पाहिले होते.

आतापर्यंत मी पुरुषांविषयी आणि सिगारेटीविषयी बोललो, यात एक अन्याय आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील प्रौढांपैकी २६.६ टक्के लोक तंबाखू वापरणारे आढळले. त्यांत धूम्रपान करणारे अवघे ३.८ टक्के, आणि बिनधुराची तंबाखू वापरणारे २४.४ टक्के. स्त्रियांत तंबाखू वापरणाऱ्यांचे प्रमाण १७ टक्के. आपल्या कोकणात ही तंबाखू बव्हंशी मशेरीच्या रूपाने नांदते. तव्यावर तंबाखू भाजल्याचा तो उग्र वास ज्याच्या बालपणात नाही असा कोकणी मनुष्य विरळा. आता विचार करा: नवरा मुंबईस गिरणीत, महिन्याची मनिऑर्डर, घरात सासूसासरे, शेत, गुरे, पोरे, आणि पहाटे मागील दारी दगडावर बसून दात घासण्याच्या निमित्ताने मिळणारी पाव घटका, जिच्यात कोणी हाक मारावयाची नाही. त्या माउलीच्या आयुष्यात स्वतःच्या मालकीचा तेवढाच काळ होता. तिला 'मशेरी सोड' असे सांगणारे आरोग्यखाते बरोबरच सांगते. पण मशेरीबरोबर ती पाव घटकाही जप्त होते हे कोणी ध्यानात घेत नाही. आमच्या घरी कामास येणाऱ्या बाईंनी मशेरी सोडली तेव्हा त्यांच्या डोक्यात मुंग्या येत, विनाकारण भांडण होई. माझ्या पत्नीने, मजहून शहाणी असल्यामुळे, काही सांगितले नाही. रोज आल्याबरोबर त्यांना मागील दारी बसवून अर्धा कप चहा दिला, आणि त्या वेळात हाक मारली नाही.

या संदर्भात मला नेहमी थिबा राजाची राणी आठवते. १८८६ साली ब्रह्मदेशाचे राज्य घालवून बसलेला थिबा येथे आणला गेला, १९१० साली त्याच्यासाठी टेकडीवर राजवाडा बांधला गेला, १९१६ साली तो येथेच वारला, आणि राणी सुपयालत पुढे १९१९ साली रंगूनला परत गेली. चिरूट ओढण्याची तिची सवय प्रसिद्ध होती. किपलिंगने आपल्या मंडालेवरील कवितेतील चिरूट ओढणाऱ्या मुलीस याच राणीचे नाव दिले आहे. तिच्या मनात काय चालत असे हे दप्तरात नाही. पण ज्याचे राज्य गेले, मुलूख गेला, भाषा समजणारे चार माणसांपलीकडे कोणी उरले नाही, त्याच्या हातातील चिरूट काढून घेण्यापूर्वी मी तरी दोनदा विचार करीन; आणि काढून घेतलाच, तर त्याच्याजवळ बसेन.

जवळ बसणे हाच या सगळ्यातील मोठा उपचार आहे. २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात येरवड्याला डॉ. अनिता आणि अनिल अवचट या दांपत्याने, पु. ल. देशपांडे यांच्या साहाय्याने, मुक्तांगण सुरू केले. दारू आणि गर्द यांच्या तावडीतील माणसांसाठी निघालेल्या त्या घराने महाराष्ट्राला जी मोठी गोष्ट शिकविली ती औषधाची नव्हे: पदार्थ सुटणे हे काम थोड्या दिवसांचे, आणि नंतर माणसांच्या संगतीत राहणे हे काम पुढील सर्व वर्षांचे. दारूसाठी जे खरे ते विडीसाठीही खरे आहे. फरक इतकाच की विडी सोडणाऱ्यास कोणी रुग्ण मानीत नाही, म्हणून संगतही देत नाही.

औषधांविषयी थोडक्यात सांगतो. निकोटीनची चघळण्याची गोळी आणि त्वचेवरील पट्टी मिळते, डॉक्टरांच्या सल्ल्याने घेण्याच्या गोळ्याही आहेत; त्यांचा उपयोग होतो, आणि त्या घेण्यात कमीपणा नाही. सरकारची तंबाखूमुक्तीची मोफत दूरध्वनी सेवा १८००-११-२३५६ या क्रमांकावर आहे. ज्यांना पूर्वी औदासीन्याचा विकार झालेला आहे, किंवा सोडल्यानंतर चार आठवडे उलटूनही ज्यांचे मन वर येत नाही, किंवा जगणे नकोसे वाटते, त्यांनी माझ्यासारख्या वकिलाचे व्याख्यान ऐकत बसू नये. त्यांनी त्याच दिवशी डॉक्टरकडे जावे, किंवा १४४१६ या क्रमांकावर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सेवेला फोन करावा. धूर भावना लपवितो, तसा एखादे वेळी आजारही लपवितो.

डॉक्टरसाहेबांच्या दवाखान्यात शेवटी मी गेलो तेव्हा ते स्वतः थकले होते. मी म्हटले, आता तलफ येत नाही, पण झाप बांधण्याच्या दिवशी अजून डोळे भरतात. ते म्हणाले, "ते भरू द्या. तो सारा तुमचा तुम्हीच भरायचा."

मी रोज सकाळी साडेसहाला मांडवीच्या धक्क्यावर असतो. पाऊस असला तर जवळच्या चहाच्या टपरीत. या सभागृहात ज्यांनी आज, काल किंवा गेल्या महिन्यात सोडली असेल, आणि ज्यांच्या घरी त्यामुळे बश्या फुटत असतील, त्यांनी खुशाल यावे. चहा अर्धाच मिळेल.